देवदान मास्तरची शेवटची गाठ

खळ्याभोवतीची राखेची रेघ इंदुताईनं त्या वर्षी जरा जास्तच जाड ओढली, आणि शकुबाईच्या ते लगेच लक्षात आलं. कडेवरची घागर न उतरवता ती रेघेच्या अलीकडे थांबली नि म्हणाली, "इंदुताई, चुलीत उरली का थोडी राख? का सारी माह्यासाठीच आनली?"

"सासऱ्यानं सांगतलं म्हून ओढली जी." इंदुताईनं मान वर केली नाही. "ब्रह्मपुरीचे पाहुणे येऊन राह्यले. त्याहिले दिसली पायजे म्हने."

"दिसन, दिसन. आंधळ्यालेही दिसन."

सव्वीस वर्षं झाली, पण शकुबाईची जीभ काही बोथट झाली नव्हती. ती बोथट झाली असती तर बाई केव्हाच संपली असती. बाकीचं सारं अंगवळणी पडलं होतं. खळं सारवायचं तिनं, पाणी भरायचं तिनं, धानाचे भारे डोक्यावर वाहून पुंजणे रचायचे तिनं, आणि एकदा का मळणी होऊन रास पडली, राखेची रेघ ओढली, की तिनं बाहेर व्हायचं. रेघेच्या आत घरचे, बाहेर शकुबाई. लेक झाल्यापासून शकुबाई आणि कमळा.

आज मुठीचा दिवस. मोहटोल्यातल्या या पाच-सहा ख्रिस्ती घरांचा नाताळाहूनही मोठा सण. नाताळ उलटला की पहिल्या रविवारी खळ्यावर प्रार्थना व्हायची, मग घरातला वडीलधारा सुपातून नव्या धानाची एकेक मूठ ज्याच्या त्याच्या ओटीत टाकायचा. ओटीत मूठ पडली तो घरचा. लग्नाच्या पोरीची मूठ तर निराळीच जपायची, कारण तीच सासरी घेऊन जायची. बिनमुठीची पोरगी आणि वाटेवर सापडलेली पोरगी या मुलखात सारखीच.

आणि कमळा लग्नाची होती.

वडशाच्या शाळेत मास्तर असलेला शमुवेल नावाचा मुलगा, त्याचा काका गुणवंतराव ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात कंपाउंडर. पोरगी पसंत होती. चांद्याला मिशनच्या शाळेत मास्तरणीचं शिकते म्हटल्यावर तर दुप्पट पसंत. गुणवंतरावानं एकच निरोप धाडला होता, मुठीच्या दिवशी येतो, पोरीच्या ओटीत मूठ पडली की सुपारी फोडून टाकू. शकुबाईला त्या निरोपानं चार दिवस झोप नव्हती. पोरीचं नशीब आपल्या पायरीवर येऊन बसलंय, आणि पायरी मात्र दुसऱ्याच्या ताब्यात, असं तिला झालं होतं.

सकाळी विहिरीवर कमळानं तिच्या हातातला दोर काढून घेतला होता. काल वैनगंगेच्या वाळूतून पायी आलेली पोरगी, तळव्यांना फोड आलेले, पण डोळे नुसते लखलखत होते.

"माय, आज मी बोलनार हाये. तू घाबरू नोको."

"काय बोलनार? मोठेबाबाच्या तोंडाले तोंड देशीन?"

"मी नाई देत तोंड. मी फक्त पुढचं सांगनार."

"कशाचं पुढचं?"

पण पोरगी हसली आणि घागर उचलून चालती झाली. खांद्याला लटकवलेली कापडी पिशवी तिनं विहिरीवरसुद्धा काढली नव्हती.

गुणवंतरावाची बैलबंडी आली तेव्हा ऊन चांगलं वर चढलं होतं. गृहस्थ डोक्यावर टोपी, हातात छत्री आणि पौषाच्या उन्हातही छत्री उघडलेली. उतरल्या उतरल्या त्यांनी रास पाहिली, बैल पाहिले, मग राखेची रेघ पाहिली, आणि रेघेबाहेर उभ्या दोघी मायलेकी पाहिल्या.

"हे काऊन?" त्यांनी मुखरूला विचारलं. मुखरू म्हणजे दादाजींचा एकुलता एक लेक, इंदुताईचा नवरा; आणि दादाजी म्हणजे घरातले वडीलधारे, शकुबाईचे मोठेबाबा.

"प्रार्थनेत सांगतील बाबा," मुखरू म्हणाला आणि पाहुण्यासाठी खाट झटकू लागला. मुखरूला बाबांच्या पुण्याईची इतकी सवय होती की स्वतःची कमवायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. अख्खा गाव त्याला 'दादाजीचा पोरगा' म्हणून राम राम करायचा, आणि तो ते आपल्याच नावावर घ्यायचा. शकुबाईच्या वाट्याला बोडीच्या तळ्याखालची एक बांधी होती, एवढासा धानाचा तुकडा. गेल्या कार्तिकात धान पोटरीत असताना त्यानं तिचं पाणी आपल्या शेतात वळवलं, आणि ती बोलायला गेली तर म्हणाला, "दात आंबलेल्याले पानी कशाले?" तिच्या बांधीत त्या वर्षी नुसतं तणस निघालं, दाणा नाही.

दादाजी आले. पासष्टी उलटलेला ताठ म्हातारा, पांढरं धोतर, गळ्यात तो दोर. जमलेली माणसं उठून उभी राहिली.

हा दोर म्हणजे या घराचं शास्त्र. दादाजींचे वडील इसरू बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले, पण त्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं. देवदान मास्तर नावाचे उपदेशक दोन-तीन महिन्यांतून एकदा पायी यायचे, ओसरीवर बसायचे, इसरूला एक वचन सांगायचे. ते पाठ झालं की सुताच्या दोराला एक गाठ मारायचे. एक खेप, एक वचन, एक गाठ. पाठ झाल्याशिवाय गाठ नाही. अशा ब्याण्णव गाठी झाल्या. शेवटच्या खेपेला मास्तर तापानं फणफणत होते. तशातही त्यांनी ब्याण्णवावी गाठ मारली, "पुढचं पुढच्या खेपेले" म्हणाले, आणि वडशाच्या वाटेवरच गेले. पुढची खेप झालीच नाही.

दोराचं एक टोक जळकं होतं. ते सुकलूचं काम. सुकलू म्हणजे दादाजींचा धाकटा भाऊ, शकुबाईचा बाप.

सव्वीस वर्षांपूर्वीच्या चैतात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून सुकलूनं झाडाखालचा पाला पेटवला, वारा सुटला, आणि आग पळत येऊन प्रार्थनेच्या खोपटाला लागली. इसरू दोरासाठी आत शिरले. दोर घेऊन बाहेर आले, पण तिसऱ्या दिवशी गेले. जंगलाच्या शिपायानं जवळच कुऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कोलूला धरलं. कोलू कोसमडोंगरीचा, दोन कोसांवरच्या जंगलातल्या गावचा, आपल्या देवाचं करणारा साधा माणूस. त्याच्या हाताला दोरी बांधून पायी नेलं. दीड वर्षाचा तुरुंग झाला. तो आत असताना त्याची बायको बुधरी गेली. सुकलू अहेरीकडे पळाला, तो परत आलाच नाही, तिकडेच मेल्याची खबर आली. महिनाभरानं दादाजींनी चार माणसांत सांगितलं की आग सुकलूनं लावली होती. पण तोवर कोलूला शिक्षा लागून गेली होती. मग राहिली कोण? बिनआईची, बारा वर्षांची शकू.

आणि दादाजींनी ब्याण्णवाव्या गाठीवर बोट ठेवलं होतं.

आजही ते गाठी मोजत तिथंच येत होते. एकेक गाठ बोटाखालून सरकत होती, एकेक वचन खणखणीत आवाजात निघत होतं, माणसं मान डोलावत होती. शकुबाईला साऱ्या गाठी पाठ होत्या. एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव.

"बापानं चिंचा खाल्ल्या आनि लेकराचे दात आंबले," दादाजी म्हणाले. पुस्तकात द्राक्षं होती म्हणे. पण मोहटोल्यात द्राक्षं कोणी पाहिली होती? देवदान मास्तरांनीच तेव्हा सांगितलं होतं, चिंचा समजा. "पाहुणे, तुम्ही इचारलं, म्हून सांगतो. माह्या भावानं आग लावली. माहा बाप जळाला. एक निरपराध मानूस तुरुंगात गेला. त्याचं फळ त्याच्या पोरीनं भोगलं. बिनमुठीचीच जिथं खपली तिथं देल्ली, नवरा लग्नाच्या तिसऱ्या वर्षी तापानं गेला, पोरगी पोटाशी घेऊन आली. मी तिले टाकली नाई. खाऊपिऊ घातलं, घर देल्लं. पन मूठ नाई. देवाचा न्याय मी कसा मोडू?"

गुणवंतरावांनी छत्री मिटली. "आनि पोरीले?"

"तिच्या पोरीलेबी नाई. मोशेच्या आज्ञेत तिसऱ्या-चौथ्या पिढीची गोष्ट हाये."

"मंग आमी येतो जी." गुणवंतराव खरोखरच हळहळले. माणूस वाईट नव्हता, माणूस फक्त कंपाउंडर होता. लेबल नसलेली बाटली तो कशी घेणार? "पोरगी लाखात एक हाये. पन बिनमुठीची पोरगी नेली, तं माही वहिनी मले घरात घेनार नाई."

त्यांनी बंडीवाल्याला खूण केली. चाललं. सारं चाललं. तिला वाटलं, आता रेघ ओलांडून जावं, त्या म्हाताऱ्याचे पाय धरावे, नाहीतर गळ्यातला दोर धरावा. दोन्हींपैकी काय करावं ते सुचेना म्हणून ती नुसती उभी राहिली.

"गुणवंतरावजी, घडीभर थांबा," कमळा म्हणाली. आवाज इतका मोठा निघाला की तीच दचकली. मग ती दादाजींकडे वळली. "आबाजी, एक इचारू का?"

"इचार."

"देवदान मास्तर शेवटी काय म्हनले होते?"

"साऱ्याले ठाऊक हाये. पुढचं पुढच्या खेपेले."

"ते पुढचं मी आनलं, आबाजी."

तिनं पिशवीतून शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं. जाडजूड, चांद्याच्या शाळेतलं, पाठीला कापड चिकटवलेलं. खळ्यावर एकदम गलका उठला.

"पोट्टी आता आमाले शिकवनार!" मुखरू ओरडला. "बाबा, हिले बसवा."

"घरात बी शास्त्र हाये," दादाजी म्हणाले. "बारा वर्सं झाली, पाळक साहेबानं देल्लं."

"हाये ना, आबाजी. पन मामाजी त्यातली स्तोत्रं वाचतात, शुभवर्तमान वाचतात. मधलं संदेष्ट्याहिचं कोन वाचते? त्याची पानं अजून एकमेकाले चिकटून हायेत. आनि गाठीवर अध्याय थोडीच लिवला असते? मलेबी नोतं ठाऊक. परीक्षेले यहेज्केल संदेष्टा होता, म्हून वाचत बसली, आनि अठराव्या अध्यायात चिंचा सापडल्या."

"म्हंजे वचन हाये त्यात?" दादाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा समाधानच होतं.

"हाये. अक्षर न् अक्षर हाये." कमळानं पानावर बोट ठेवलं. "पन ते देव नाई म्हनत, आबाजी. ते लोक म्हनतात. देव त्याहिले रागावून राह्यला. तो म्हनते, हे काय लावलं तुम्ही, बापानं खाल्लं न् लेकराचे दात आंबले? माही शपथ, ही म्हन पुन्हा तोंडातून काढाची नाई. सारे जीव माहे हायेत. बापाचा जीव बी माहा, लेकराचा बी माहा. जो पाप करन तोच त्याचं भोगन."

माणसांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कळल्याबरोबर सगळी एकदम बोलायला लागली. कोणी म्हणे असं कसं होईल, कोणी म्हणे पोरगी बनवून सांगते. बैलसुद्धा कान टवकारून उभे राहिले. शकुबाईला मात्र त्या गलक्यातलं एकच वाक्य ऐकू येत होतं. देव रागावून राह्यला. आणि रागावला तो तिच्यावर नव्हता. सव्वीस वर्षं तिला वाटत होतं की देवाचं बोट आपल्याकडे आहे.

"झूट!" मुखरू रेघेपाशी आला. "आन ते पुस्तक. मी वाचतो. पोट्टीचा काय भरवसा?"

"घ्या ना मामाजी. तुम्हीच वाचा. इथून."

मुखरूनं पुस्तक उन्हात धरलं आणि बोट ठेवून, अडखळत, मोठ्यानं वाचायला लागला. पहिल्या चार ओळी वाचल्या नि त्याचा चेहरा पडला, कारण पोरगी खरं बोलत होती. पण गाव ऐकत होतं, थांबता येईना. पुढं आलं, एक माणूस नीतिमान आहे, कोणाला छळत नाही, भुकेल्याला भाकर देतो, नागव्याला वस्त्र देतो. तो जगेल. मुखरू जरा सावरला. हे तर बाबांचंच. मग आलं, पण त्या माणसाला जर असा मुलगा झाला, जो गरिबाला नाडतो, दुसऱ्याचं हिसकावून घेतो...

मुखरू थांबला.

"वाचा," इंदुताई म्हणाली.

"अक्षर लागून नाई राह्यलं."

"आतापरेंत लागत होतं. वाचा!"

तो वाचेना, तेव्हा कमळानंच शांतपणे सांगितलं. असा मुलगा बापाच्या पुण्याईवर जगायचा नाही. त्याचं रक्त त्याच्याच माथी.

मागून कोणीतरी म्हणालं, "आनि शकुबाईच्या बांधीचं पानी कोनं वळवलं होतं बे?" खळ्यावर असा हशा पिकला की गुणवंतरावसुद्धा तोंडावर टोपी धरून हसले. त्यांनी बंडीवाल्याला हातानं थांब म्हटलं आणि खाटेवर परत येऊन बसले. अशी सोयरीक कोण सोडून जाईल?

"आनि त्याच्या पोराचं काय?" इंदुताई पुढं आली. "कमळे, सांग वो. त्या बेइमानाले जर पोरगा झाला, तं त्याचं काय?"

"बापाचं पाहून तो जर तसं वागला नाई, तं तो जगन, मामीजी. बापाचं त्याच्यावर नाई."

"खरं?"

"लिवलं हाये."

इंदुताई मटकन राशीपाशी बसली. तिचा एकुलता पोरगा तीन वर्षांचा, सारखा आजारी. नवऱ्याचं एकेक कृत्य ती मोजत होती आणि पोराच्या प्रत्येक तापाला कापत होती, हे या घरात कोणालाच माहीत नव्हतं. शकुबाईलाही नाही. ती आजवर समजत होती की रेघेच्या आतल्यांना भीती नसते.

इंदुताई उठली. पदर खोचला, आणि सकाळी स्वतःच ओढलेली राखेची रेघ पायानं पुसायला लागली. "या बाई, आत या. म्या ओढली, म्याच पुसतो. अशी जाड ओढली रांडेची, पुसता पुसून नाई राह्यली!"

"थांब."

दादाजी बोलले होते. इतका वेळ ते दोराची शेवटची गाठ अंगठ्याखाली धरून बसले होते. "पोरी," त्यांनी कमळाला विचारलं, "संपला का तो अध्याय?"

"नाई, आबाजी. थोडा हाये."

"सांग."

कमळा घुटमळली. तिनं आईकडे पाहिलं. पुढचं तिलाही सांगायचं नव्हतं, हे शकुबाईला दिसलं. "पुढं असं हाये, का एखादा नीतिमान मानूस जर आपल्या नीतीपासून फिरला आनि त्यानं अन्याय केला, तं त्याची आधीची सारी नीती देव आठवत नाई. त्यानं जे केलं, त्यातच तो मरन."

खळ्यावर आता कोणी हसत नव्हतं. दादाजींनी गाठीवरचा अंगठा काढला. मग बोलले ते इतक्या साध्या आवाजात, की जणू बैलांच्या वैरणीचं सांगत होते.

"सुकलूच्या हातात कोलीत होतं. मले दिसलं होतं. त्याच दिवशी. आगीच्या आधी."

"बाबा!" मुखरू म्हणाला.

"बोलू दे. शिपायानं कोलूले धरलं तवा मी तिथीच उभा होतो. कोलूनं माह्याकडे पाह्यलं. तो म्हनला, दादाजीभाऊ, तुम्हीच सांगा जी. आनि मी सांगतलं नाई. भाऊ होता माहा. म्हनलं, पळू दे त्याले. महिनाभरानं सांगतलं, तवा तो अहेरीच्याबी पल्याड पोचला होता. लोक म्हनले, पाहा, दादाजीनं सख्ख्या भावाचंबी पाप झाकलं नाई. तवापासून मी धरमाचा मानूस." त्यांनी शकुबाईकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तुले बाहेर ठेवली, म्हून मी आत दिसत होतो, शकू."

ते उठले. सूप उचललं. इंदुताईनं अर्धी पुसलेली रेघ ओलांडून बाहेर आले, दरसाल शकुबाई उभी राहायची त्याच जागी, विहिरीच्या वाटेवरच्या पळसापाशी उभे राहिले, आणि सूप तिच्या हातात दिलं.

"आता तू वाट."

शकुबाईच्या हातात सूप आलं. आनंद झाला का? झाला, इतका झाला की ओरडावंसं वाटलं. पण त्याच्या पाठोपाठ राग आला, आणि तो आनंदाहून मोठा होता. बारा वर्षांची पोर पळसाखाली उभी राहून दुसऱ्यांच्या ओट्या भरताना पाहायची, तो राग. नवरा गेला तेव्हा शेजारणी 'दात, दात' म्हणून कुजबुजल्या, तो राग. म्हाताऱ्याला तिथंच उभा ठेवावा. मरेपर्यंत. याहून सोपा न्याय कोणता?

"कमळे," ती म्हणाली, "आनखी हाये का काई त्यात?"

"शेवटचं हाये, माय. देव म्हनते, दुष्ट मानूस मेला तं मले काय त्याचा आनंद होते? तो फिरला पायजे, आनि जगला पायजे. फिरा आनि जगा, असं हाये."

"फिरा, म्हंजे नुसतं तोंडानं?"

"नाई. आदल्या ओळीत काय काय कराचं ते सारं लिवलं हाये. वागून दाखवा लागते."

शकुबाई राशीपाशी गेली. अनवाणी तळपायांना नवं धान टोचलं, गार लागलं. तिनं सूप भरलं. पहिली मूठ उचलली, आणि साऱ्यांना वाटलं ती कमळाच्या ओटीत पडणार. पण ती वळली आणि पळसापाशी गेली.

"पदर नाई तुमाले. उपरनं पसरा, मोठेबाबा."

दादाजींनी उपरणं पसरलं.

"ही तुमची नोहे," शकुबाई म्हणाली. "ही कोलूभाऊची. खळ्याची पयली मूठ आता दरसाल त्याच्या घरी जाईन. तो मले बाजारात भेटते ना, तवा काई न बोलता चारोळीचा द्रोन हातात देते. सुटून आला तवापासून देऊन राह्यला. ज्याचं सारं गेलं त्यानं मले बापाचं पाप लावलं नाई, आनि तुम्ही लावलं. जा. त्याच्या दारात उभे राहा, आनि आता जे बोलले ते त्याच्या तोंडावर बोला. त्याच्या गावासमोर."

"माही बंडी हाये की," गुणवंतराव चटकन उठले. "घेऊन जातो मी त्याहिले."

"नाई जी, पाहुणे. तुम्ही मागून या वाटल्यास. मोठेबाबा पायी जातील. कोलूभाऊले पायीच नेलं होतं."

दादाजींनी मान हलवली. उपरण्याला गाठ मारली. गळ्यातला दोर काढला, क्षणभर हातात तोलला आणि कमळाकडे दिला. "पुढच्या गाठी तू मार. किती ओळी राहिल्या?"

"तीस, आबाजी."

"म्हंजे दोर पुरन." मग ते शकुबाईकडे वळले. जरा थांबून, लहान पोरासारखं म्हणाले, "आनि माही मूठ?"

"जाऊन या. ठेवतो मी."

म्हातारा जंगलाच्या वाटेला लागला. मग मुखरू, कोणी न सांगता, डोक्याचं फडकं सारखं करत बापाच्या मागं गेला. त्याच्या मागं आणखी दोघं, आणि मग अर्धं गाव. पोरं तर आधीच पुढं पळाली होती. गुणवंतराव उघडी छत्री घेऊन बंडीत चढले आणि ओरडून म्हणाले, "बाई, पोरीची ओटी भरा, म्या पाह्यलं असं समजा! सुपारी परत आल्यावर!"

शकुबाईनं कमळाची ओटी भरली. इंदुताईच्या ओटीत एक मूठ टाकली, तिच्या पोराच्या नावानं आणखी एक. एकेकाच्या ओटीत, मागं राहिलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पदरात, हात भरभरून मुठी पडत गेल्या. दादाजींची मूठ तिनं आपल्या पदराच्या टोकाला घट्ट बांधली. मग सूप झटकलं, भिंतीला टेकवलं आणि सवयीनं घागर उचलून ती विहिरीकडे निघाली.

"माय," कमळानं हाक मारली, "कुठी चालली?"

"पानी आनतो. लोक परत येतीन, तहानलेले राहातीन."

"आनि तुही मूठ?"

शकुबाई थांबली. तिच्या लक्षातच आलं नव्हतं. साऱ्यांना वाटताना सव्वीस वर्षांच्या सवयीनं तिनं एका माणसाला वगळलं होतं.

कमळा राशीतून ओंजळ भरून आली. एक मूठ नाही, दोन्ही हातांची ओंजळ. शकुबाईनं घागर खाली ठेवली, आणि विहिरीच्या वाटेवर उभी राहूनच पदर पसरला.